घरासाठी सोलर : पॅनल कोणते, किती, आणि उत्तरायणाचं काय?

वैजू_वाघोडिया

बडोद्यात वाघोडिया रोडला आमचं टेनामेंट (स्वतंत्र घर) आहे, वर पूर्ण मोकळी अगाशी, म्हणजे गच्ची. गेल्या उन्हाळ्यात तिसरा एसी आला (मुलाच्या बारावीच्या नावाखाली) आणि मे-जूनचं बिल पाहून घरात एकमताने ठरलं की सोलर बसवायचं. एकमत तिथेच संपलं.

तीन कोटेशनं आली आहेत. पहिला म्हणतो, ५५० वॉटची सहा पॅनल, मोनो पर्क (पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या सेलचा एक प्रकार), झाले ३.३ किलोवॅट. दुसरा म्हणतो पर्क आता जुनं झालं, टॉपकॉन (सेलचा नवा प्रकार) बायफेशियल (दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारं) घ्या, थोडे जास्त पडतील. तिसरा म्हणतो, कशाला कंजुषी, ५ किलोवॅटच टाका, "बेन, पछी लाइट बिल भूली जाव" (मग लाइट बिल विसरा). हिवाळ्यात आमची दोन महिन्यांची साडेचारशे-पाचशे युनिटं होतात, मे-जूनमध्ये अकराशेच्या पुढे. वर्षाची मिळून साडेचार हजारांच्या आसपास.

सासऱ्यांची अट एकच : १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायणाच्या पतंगांसाठी, अगाशी मोकळी पाहिजे. मुंबई-पुण्याच्या मंडळींना ही अट गमतीची वाटेल, बडोद्याच्या लोकांना वाटणार नाही. ज्यांनी बसवलंय त्यांनी सांगा : पॅनल कोणते, किती, आणि किती उंचीवर?

रावपुरा_रिटर्न्स

सासऱ्यांचा मुद्दा आधी सोडवा. पॅनलची वॉरंटी २५ वर्षं असते, घरातली नाराजी त्याहून जास्त टिकते.

जोगकाका

सगळी नोकरी इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

पॅनलवर ५५० वॉट लिहिलेलं असतं ते प्रयोगशाळेतलं. सेलचं तापमान २५ अंश आणि चौरस मीटरला १००० वॉट ऊन, असं धरून. बडोद्यात मे महिन्यात दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापतो, म्हणजे ४० अंश वर. पर्कचं उत्पादन दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटतं, टॉपकॉनचं ०.३० च्या आसपास. गुणाकार करा : एकात १४ टक्के घट, दुसऱ्यात १२. भर उन्हाळ्यातल्या दुपारी फरक दोन टक्क्यांचा. शिवाय टॉपकॉन वर्षागणिक थोडं कमी उतरतं, पुष्कळ कंपन्या त्यावर ३० वर्षांची कामगिरीची हमी देतात.

तर वैजूताई, टॉपकॉन चांगलंच आहे. पण दर वॅटला रुपया-दोन रुपये जास्त मागत असेल तरच घ्या. कोणी तंत्रज्ञानाच्या नावावर चाळीस हजार चढवत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पॉलिक्रिस्टलाइन कोणी स्वस्तात देऊ केलं तर मात्र बघूही नका. तेवढ्याच वॅटला जागा जास्त खातं.

केतकी_अकोटा

काका, मे महिन्यात उत्पादन सर्वात जास्त असेल अशी माझी समजूत होती. आमच्या ॲपमध्ये मात्र मार्च-एप्रिल वर दिसतात. उष्णतेने घटतं म्हणून होय!

जोगकाका

तेच. ऊन हवं, तापमान नको. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांनी आणखी खाली येईल, तेव्हा विक्रेत्याला फोन करू नका. किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिटं धरायची, दिवसाची धरायची नाहीत.

हिशेबी_माणूस

या सरासरीने बघा. ३.३ किलोवॅट म्हणजे वर्षाला सुमारे ४८०० युनिटं. तुमचा वापर साडेचार हजार. संपला विषय. ५ किलोवॅट घातलं तर ७३०० होतील आणि जास्तीची वीज तुम्ही वीज कंपनीला घालाल. माझ्या करारात शिल्लक युनिटाचा भाव सव्वादोन रुपये आहे, आणि आपण विकत घेतो तो किती हे बिलावर बघा.

दुसरं, सबसिडी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि तिथून पुढे शून्य. म्हणजे ३ किलोवॅटलाही ७८ हजार आणि ५ लाही ७८ हजार. तिसऱ्या माणसाला विचारा की वरच्या दोन किलोवॅटचे पैसे कोण देणार.

भाविक_नाही_पण_भाविन

हिशेबी, तुमचा हिशेब वर्षाचा आहे. गुजरातेत बिल दोन महिन्यांचं निघतं आणि शिल्लक त्याच बिलात निकालात निघते. नोव्हेंबर-डिसेंबरची शिल्लक युनिटं मे महिन्यातल्या एसीला उपयोगी पडत नाहीत, ती आधीच सव्वादोनने गेलेली असतात. त्यामुळे वैजूताईंचं मे-जूनचं बिल शून्य होणार नाही. ३.३ किलोवॅट दोन महिन्यांत ८०० युनिटं देईल, वापर अकराशेचा. वरचे तीनशे भरावेच लागतील.

हिशेबी_माणूस

बरोबर, पण त्या तीनशे युनिटांसाठी दोन किलोवॅट वाढवायचं आणि बाकी दहा महिने सव्वादोनने विकायचं? उन्हाळ्यात भरा की थोडं बिल. शून्य बिलाचा नाद लोकांना ५ किलोवॅटपर्यंत नेतो.

भाविक_नाही_पण_भाविन

इलेक्ट्रिक स्कूटर किंवा गाडी घ्यायची असेल तर गणित बदलतं. वैजूताई, घ्यायची आहे का?

वैजू_वाघोडिया

मुलगा बारावीनंतर मागणार हे नक्की. देणार की नाही हे त्याच्या टक्क्यांवर आहे.

इंदौरी_पोहे

आमच्याकडे इंदूरला बिल दर महिन्याचं, आणि शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पक्का हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी. त्यामुळे हिवाळ्यातली शिल्लक निदान मार्चपर्यंत तरी वापरता येते. एका राज्याचा सल्ला दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा चालत नाही, हे लिहून ठेवा.

जाता जाता : आमच्या महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, नर्मदेकाठच्या जलूदला सोलर प्रकल्प उभारायला. नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायला पंपांना जी वीज लागते तिचं बिल भयंकर आहे. पाणी उचलायला ऊन! आम्ही स्वच्छतेत पहिले, आता...

रावपुरा_रिटर्न्स

आला इंदूरवाला, आणि स्वच्छतेचा नंबर न सांगता गेला तर ज्योतिषी बदलावा लागेल.

सयाजी_मोड

पाण्याचा विषय निघालाच आहे तर : बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॅटची पॅनल आहेत, जानेवारी २०१५ मध्ये बान की-मून येऊन उद्घाटन करून गेले होते. जागाही लागत नाही आणि खालच्या पाण्याची वाफही कमी होते. वैजूताईंच्या सासऱ्यांना अगाशी देऊन पॅनल कालव्यावर टाका.

वैजू_वाघोडिया

सांगते त्यांना. कालव्याचा सातबारा मागतील.

मांजलपूरचा_मामा

आता उंचीचं. आमच्या भागात बहुतेकांनी आठ फुटांचा स्ट्रक्चर (पॅनल धरणारा लोखंडी सांगाडा) केलाय. खाली उभं राहता येतं, कपडे वाळतात, उन्हाळ्यात मांडवासारखी सावली पडते, आणि वरची खोली बरीच थंड राहते. उंच स्ट्रक्चरचे पैसे जास्त जातात हे खरं.

पण वारा! मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा आमच्या सोसायटीत एकाच्या उंच स्ट्रक्चरचे दोन पाय हलले. त्याने पाय अगाशीवर नुसते काँक्रीटच्या ठोकळ्यांत उभे केले होते. बुटक्या स्ट्रक्चरला ठोकळे चालतात, आठ फुटांना नाही. पाय खालच्या कॉलम-बीमवर आले पाहिजेत आणि अँकर केमिकलने बसवले पाहिजेत. पाइप हॉट डिप गॅल्व्हनाइझ्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) मागा. 'जीआय' (जस्त चढवलेलं लोखंड) एवढंच लिहिलेलं असेल तर कोणता जीआय ते विचारा, आणि साइटवर वेल्डिंग करत बसले तर तिथेच थांबवा. वेल्डिंगने जस्त जळतं आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज सुरू होतो. नटबोल्टने जोडणारा माणूस घ्या.

केतकी_अकोटा

मामा, अँकर मारताना चायना मोझॅक फोडतात त्याचं काय? आमच्या अगाशीवर पांढऱ्या तुकड्यांचं आहे, वीस वर्षांत एक थेंब गळला नाही. पॅनल बसले आणि पहिल्याच पावसात बेडरूमच्या कोपऱ्यात नकाशा उमटला. विक्रेता म्हणाला, गळती आमच्या करारात येत नाही. खरंच येत नव्हती.

मांजलपूरचा_मामा

येत नसते, घालून घ्यायची असते. प्रत्येक पायाभोवती वॉटरप्रूफिंग करून वर काँक्रीटचा गोल चबुतरा, असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. तोंडी चबुतरे कोणीही बांधतो.

जोगकाका

चायना मोझॅक आहे तर बायफेशियलला अर्थ आहे, हे कोणी सांगितलं नाही. बायफेशियल पॅनल मागच्या बाजूनेही प्रकाश घेतं. खाली डांबर किंवा काळी फरशी असेल आणि पॅनल फूटभर उंचीवर असेल तर मागे काय जाणार? पण खाली पांढरंशुभ्र मोझॅक आणि वर आठ फूट मोकळी जागा असेल तर मागून थोडी कमाई होते. म्हणजे सासऱ्यांच्या पतंगापायी उंची वाढवली तर तीच उंची पॅनललाही मानवते.

शंकेखोर_शमा

हे सगळं ठीक आहे पण मला एक सांगा, दीड-दोन लाख बँकेत ठेवले तर व्याज नाही का येणार? पंचवीस वर्षांत पॅनल खराब झाले, इन्व्हर्टर बदलावा लागला, आपण घर विकलं, असं काहीही होऊ शकतं.

हिशेबी_माणूस

व्याजावर कर आहे, वाचलेल्या बिलावर नाही. आणि दर वर्षी वीज स्वस्त होताना मी तरी पाहिली नाही. मात्र इन्व्हर्टरचं म्हणणं खरं आहे. पॅनल पंचवीस वर्षं जगेल, स्ट्रिंग इन्व्हर्टर (ओळीतल्या सगळ्या पॅनलची वीज घराला चालेल अशी करणारा एकच डबा) नाही जगणार. एकदा बदलायचा खर्च हिशेबात धराच. इन्व्हर्टरची वॉरंटी पाच वर्षांची देतो की दहाची, हा प्रश्न पर्क-टॉपकॉनपेक्षा मोठा आहे. आणि ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका तारण न घेता कर्ज देतात, त्यामुळे ठेव मोडायची गरजही नाही.

कारेलीबाग_कट्टा

इन्व्हर्टर कुठे लावणार हेही विचारा. आमच्याकडे माणूस आला, म्हणाला मीटरजवळ खाली पार्किंगमध्ये लावतो, केबल वाचते. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीचं पाणी आलं आणि इन्व्हर्टर, डीबी (स्विचांचा डबा), सगळं कमरेएवढ्या पाण्यात. वर पॅनल पावसात धुऊन चकाचक. आता नवीन इन्व्हर्टर जिन्याच्या टोपीखाली भिंतीला आहे. पश्चिमेच्या भिंतीवर उघड्यावर लावू देऊ नका, ऊन आणि पाऊस दोन्ही खातो.

शंकेखोर_शमा

पुरात तुम्हाला निदान घरात लाइट तरी मिळाली असेल ना, सोलर असून?

कारेलीबाग_कट्टा

नाही ना! इन्व्हर्टर कोरडा असता तरी मिळाली नसती. हा सगळ्यात मोठा गैरसमज. ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडलेल्या सिस्टिममध्ये बाहेरची लाइट गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या अगाशीवरून शॉक लागू नये म्हणून ती सोय आहे. लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते आणि तिथे बजेट उडी मारतं. शेजारी दोन दिवस मला टोमणे मारत होते, "सूर्य तुमचा, अंधार सगळ्यांचा."

जोगकाका

बडोद्यात एरवी लाइट फारशी जात नाही. बॅटरीसाठी लाख खर्चण्यापेक्षा जुना घरगुती इन्व्हर्टर ठेवा.

आणि अर्थिंग. कोटेशनमध्ये तीन वेगळे खड्डे लिहिलेले असले पाहिजेत : डीसीचा (पॅनलकडच्या विजेचा), एसीचा (घराकडच्या विजेचा, थंड हवेच्या एसीचा नव्हे) आणि आकाशातली वीज झेलणाऱ्या सळईचा. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडून वर माती लोटणारे बघितलेत मी. खड्डे होताना घरातलं कोणीतरी तिथे उभं राहा.

पेच_लढवय्या

आता मूळ मुद्द्याला हात घालतो, उत्तरायण. पॅनल आठ फुटांवर, आम्ही खाली, हे ऐकायला बरं वाटतं. पण खालून पतंग कसा चढवणार? डोक्यावर छत! अगाशी पूर्ण झाकली तर पेच लढवायला शेजाऱ्याकडे जावं लागेल, आणि शेजाऱ्याकडे पेच हरला तर काय मान राहिला.

आमच्याकडे दक्षिणेच्या अर्ध्या भागात पॅनल आणि उत्तरेचा अर्धा भाग मोकळा ठेवलाय. ३ किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट लागतात, बहुतेक टेनामेंटच्या अगाशीत तेवढी जागा काढूनही दहा माणसं मावतात. मुलांना एकच दम : कापलेला पतंग पॅनलवर पडला तर तो गेला. वर चढायचं नाही. काचेवर पाय पडला की वरून ओरखडाही दिसत नाही पण आत सेलला बारीक चिरा जातात, त्या पुढे वर्षभर वीज खातात.

जोगकाका

चिरा राहू द्या बाजूला, जीव महत्त्वाचा. सहा पॅनल ओळीने जोडली की तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी होतो. एमसीबी पाडला तरी उन्हात पॅनलपासून स्विचपर्यंतची तार जिवंतच असते. मांजा काढायला लोखंडी सळई घेऊन चढलेला एक बहाद्दर मी पाहिलाय, हात धरून खाली उतरवला.

सयाजी_मोड

पेच_लढवय्या, उत्तरेचा भाग मोकळा ठेवलात हे छान, पण पाण्याची टाकी कुठे आहे? टाकी दक्षिणेला असेल तर सावली उत्तरेकडे पॅनलवरच पडणार. बडोदं २२.३ अक्षांशावर, म्हणजे २२ डिसेंबरला भर दुपारी बारालाही सूर्य ४४ अंशांवरच. वस्तूची सावली तिच्या उंचीएवढीच लांब, आणि सकाळी नवाला, दुपारी चारला दुप्पट-तिप्पट. जूनमध्ये मात्र सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, तेव्हा टाकीची सावली टाकीच्याच पायाशी. विक्रेता मे-जूनमध्ये येऊन "सावली नथी" म्हणतो ते त्या दिवसापुरतं खरंच असतं.

केतकी_अकोटा

आमच्या शेजाऱ्यांनी सोलर लागल्यावर दोन वर्षांनी मजला चढवला. आता जानेवारीत तीननंतर आमची दोन पॅनल अंधारात. भांडण करून उपयोग नाही, त्यांचा प्लॅन पास आहे.

भाविक_नाही_पण_भाविन

अशा ठिकाणी मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर कामाला येतो, प्रत्येक पॅनल वेगळं चालतं, एकाच्या सावलीने सगळी ओळ खाली बसत नाही. महाग आहे, सावली नसेल तर घेऊ नका.

फ्लॅटवासी_गोत्री

आम्ही फ्लॅटवाल्यांनी काय करायचं? अगाशी सोसायटीची.

हिशेबी_माणूस

लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी सोसायटीच्या नावाने घेता येतं. त्यात सबसिडी किलोवॅटला १८ हजार आहे. मेंटेनन्स कमी होतो म्हटलं की सभेत सगळे हात वर करतात, अगाशीची चावी कोणाकडे राहणार यावर सभा मोडते.

वैजू_वाघोडिया

इतकं वाचून परवा तिघांना पुन्हा बोलावलं आणि हेच सगळं विचारलं. ५ किलोवॅटवाला टाकीच्या सावलीवर काहीच बोलेना, त्याला नमस्कार केला. दुसऱ्याने अगाशीवर खडूने पाय आखून दाखवले, कॉलम कुठे आहेत ते खालून मोजून. तोच घ्यायचा ठरतोय. टॉपकॉन बायफेशियल सहा पॅनल, दक्षिणेकडच्या भागात आठ फुटांवर, टाकी ईशान्येला हलवायची. तीन अर्थिंग आणि चबुतरे कोटेशनमध्ये लिहून दिले. इन्व्हर्टर जिन्याच्या टोपीत. सासऱ्यांनी मोकळा भाग स्वतः पावलांनी मोजला आणि "चालेल" म्हणाले.

दोन गोष्टी राहिल्या. सबसिडीसाठी भारतीय बनावटीचीच पॅनल लागतात ना? आणि धुवायचं कसं? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.

हिशेबी_माणूस

हो, आणि नुसतं पॅनल इथे जोडलेलं चालत नाही, आतला सेलही भारतात बनलेला लागतो. त्याला डीसीआर म्हणतात, तसं बिलावर लिहून घ्या. पॅनल उतरली की बसवण्याआधी प्रत्येकाच्या मागच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा. आठ फुटांवर गेल्यावर वाकून बघणं जमत नाही. बिलात जीएसटीही तपासा, पॅनलवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. कोटेशन जुन्या दराचं असेल तर नवं मागा.

मांजलपूरचा_मामा

बोअरचं पाणी नको. आमच्याकडे त्याने काचेवर पांढरे क्षार धरले, ते घासून निघेनात. नर्मदेचं नळाचं पाणी किंवा पावसाचं साठवलेलं वापरा, सकाळी ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. लांब दांड्याचा मऊ ब्रश, साबण नाही. आठ फुटांवर आहे म्हणून एका बाजूला चालायला अरुंद पट्टी आणि शिडी त्याच स्ट्रक्चरला लावून घ्या, आत्ताच.

पेच_लढवय्या

आणि कबुतरं! उंच स्ट्रक्चरच्या खालच्या चौकटीत घरटी करतात आणि तारा कुरतडायला मागून खारी येतात. पॅनलच्या कडेने जाळी लावून घ्या. तिचा भाव आत्ताच याच कोटेशनमध्ये घाला. नंतर वेगळा माणूस बोलावला तर तो वर बघतो, आठ फूट मोजतो आणि तोंडाला येईल तो आकडा सांगतो.